कशापायी विचारणारा माणूस

आमच्या गिरणीच्या ऑफिसात जगदेवी प्रोग्रॅम लिहायची आणि कल्लप्पा तो कार्डांवर छिद्रं पाडून उतरवायचा. कार्डांचा गठ्ठा रेल्वेनं पुण्याच्या कॉम्प्युटरकडे जायचा, उत्तर आठवड्यानं यायचं. एक स्वल्पविराम चुकला की आठवडा पाण्यात. म्हणून गठ्ठा बांधण्याआधी जगदेवी एकेक ओळ मोठ्यानं वाचायची आणि कल्लप्पा यंत्र व्हायचा, टेबलावर चिंचोके सरकवून आकडेमोड करायचा. यंत्र म्हणून तो अगदीच कुचकामी होता. यंत्र सांगितलेलं मुकाट ऐकतं, हा मधेच अडवायचा, "अक्का, हे कशापायी?"

जगदेवी वैतागायची, पण सांगायची. सांगता सांगता तिची तिलाच चूक सापडायची, हे मी समोरच्या टेबलावरून कितीदा पाहिलंय.

अठ्ठ्याहत्तर साली गिरणीनं स्वतःचा कॉम्प्युटर घेतला, सोबत नवी ऑपरेटिंग सिस्टीम. आता चौघं चार पडद्यांसमोर एकाच वेळी बसणार, प्रोग्रॅम तिथंच टाइप करणार आणि यंत्रच घटकेत चूक दाखवणार. खोटं कशाला बोलू, मलाही ती जादू वाटली. कार्डं गेली, तसा कल्लप्पाही गेला. साहेबांनी त्याला मागांवर पाठवलं. जगदेवीनं त्याला चहा पाजला आणि लगेच पडद्याकडे वळली. मला तिचा रागच आला.

कामगारांच्या पाळ्या लावायचा प्रोग्रॅम तिनं नव्यानं, एकटीनं लिहिला. यंत्रानं एकही चूक काढली नाही. साहेबांनी पेढे वाटले.

मग सिद्धेश्वरांची यात्रा आली. देवाच्या लग्नाच्या, अक्षता सोहळ्याच्या दिवशी आम्ही लवकर निघालो, तर फाटकातून कल्लप्पा डबा घेऊन आत येत होता. मिरवणुकीत नंदीध्वज, ती उंच जड काठी, पेलायचा मान त्याच्या घराकडे बापापासून. महिनाभर त्याचा सराव चालायचा.

"अण्णा, तुमी आज हितं?" जगदेवीनं विचारलं.

"दुसऱ्या पाळीत नाव लागलंय की. मशीननं लावलंय म्हणल्यावर कुणाला सांगायचं?"

जगदेवीचा चेहरा उतरला. मानकऱ्यांना त्या दिवशी सुट्टी, ही ओळ जुन्या प्रोग्रॅममध्ये होती, तीही कल्लप्पानं अडवून विचारलं म्हणून घातलेली. नव्यात ती राहिली. ओळ नीट लिहिली आहे का, एवढंच यंत्र बघतं. कुठली राहिली, हे त्याला काय ठाऊक?

तिनं स्वतः जाऊन त्याला सोडवून आणलं. तोवर नंदीध्वज पुढे गेले होते, त्याच्या जागी पुतण्या उभा राहिला होता. कल्लप्पानं गर्दीतूनच अक्षता टाकल्या. "पुढल्या वर्षी बगू," तो म्हणाला. जगदेवी भर रस्त्यात रडली.

यात्रेनंतर ती साहेबांशी भांडली आणि कल्लप्पाला अर्धा दिवस परत मागून घेतलं. त्याच्यासाठी पडद्याशेजारी खुर्ची मांडली. साहेब म्हणाले, "एवढं वेगवान यंत्र, आणि तुम्ही वाचत काय बसता?" कल्लप्पानं खिशातून चिंचोके काढले. तिनं पहिली ओळ वाचली.

"अक्का, हे कशापायी?"

या वेळी ती वैतागली नाही.