धुराड्याभोवती एक फेरी

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण हात रिकामा मिळाला की काहीतरी गरगर फिरवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिच्या सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, जन्म गेला कारखान्यांच्या उंच धुराड्यांवर चढून भेगा शोधण्यात. आता गुडघे कुरकुरत होते, मागच्या खेपेला शिडीवरून पायही निसटला होता. पण म्हातारा ऐकेल तर शपथ!

शेवटी भिंगरीने ड्रोन आणला. बाबांनी अट घातली, "एका बॅटरीत तुझं हे भुणभुणं सगळं धुराडं बघून खाली आलं, तर मी चढायचं सोडतो. शब्द म्हणजे शब्द!"

भुणभुणं अर्ध्यातच मान टाकायचं. बाबा मिशीतल्या मिशीत हसत कमरेला चढायचा पट्टा बांधायचे.

मग तिने पंख्यांचाच पिच्छा पुरवला. छोटी पाती भरभर फिरून बॅटरी खातात, लांब पाती सावकाश फिरूनही तेवढंच वजन पेलतात. पण लांब म्हणजे किती? तिरकी किती? पाती घासायची, ड्रोन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला बांधायचा, फिरवून बघायचं. "अगं बाई, माझं पीठ तरी डब्यात राहू दे!" सासूबाई ओरडायच्या.

अखेर चार पंख्यांचा एक संच झकास जमला. सासूबाईही बघायला कारखान्यात आल्या. तिथे मात्र ड्रोन हुडहुडी भरल्यासारखा थडथडू लागला. तिने तो घाईने उतरवला. बघते तर दोन पंख्यांच्या एकेका टोकाला लालभडक नेलपॉलिशचा जाडजूड थर!

"आई?"

"अगं, डावे-उजवे पंखे तू सारखी उलटे बसवतेस. म्हणून खूण केली."

"तोल गेला ना त्यांचा!" भिंगरीने कपाळावर हात मारला, बाटली मागून घेतली आणि दुसऱ्या टोकांनाही तेवढाच थर दिला. बॅटरी नवी चढवली.

या वेळी ड्रोन गुमान वर गेला. पडद्यावर वीट न् वीट सरकत गेली. माथा आला, फेरी पुरी झाली, ड्रोन पायाशी येऊन टेकला. बाबांनी पट्टा सोडून तिच्या हातात दिला.

"हरलो बुवा." मग हळूच म्हणाले, "बॅटरी उरलीय?"

"थोडी आहे."

"मग एकदाच वर ने मला."

तिने ड्रोन माथ्याशी नेऊन थांबवला. बाबा पडद्यावर वाकले.

"ती आपली गच्ची. तुझी सासू कपडे वाळत घालायला आली की इथून दिसायची. मी हात करायचो. तिने एकदाही वर बघितलं नाही."

सासूबाईंनी मान वर केली आणि धुराड्याच्या माथ्याकडे बघून हात हलवला.