दर्शनाला सांगितलेला पोर्शन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? बहुतेक तुम्ही दर्शनाला ओळखत नाही म्हणून.

दर्शना समुद्रकाठच्या नवापूरची, मी जवळच्याच बोईसरची. शाळा एक, वर्ग एक. आणि पाचवीपासून ती पहिली, मी दुसरी — दरवर्षी, न चुकता. तिच्या दप्तराला सुक्या मासळीचा वास येतो म्हणून मुली नाक मुरडायच्या. मी कधी मुरडलं नाही. मोठी गुणाची पोर होते ना मी! मला फक्त तिची हुशारी सहन व्हायची नाही. सकाळी आईबरोबर बोंबील वाळत घालून यायची, वर्गात जांभया द्यायची, आणि तरी पहिली. माझा क्लास, माझी गाइडं, भिंतीवर चिकटवलेलं रंगीत वेळापत्रक — कशाचा काय उपयोग?

आमची दहावी करोनानंतरची. बोर्डाने काही धडे कमी केले होते आणि कुठले, ते सर व्हॉट्सअॅपवर कळवत. दर्शनाच्या घरी फोन एकच, तो वडिलांबरोबर बोटीवर जायचा. म्हणून सरांचे निरोप मी तिला सांगायचे, असं ठरलेलं. ती पुन्हा कुणाला विचारायची नाही. मी होते ना.

परीक्षेआधीच्या सुट्टीत तिची आई बाजारात मासळी घेऊन बसली की ती आमच्याकडे यायची. एकदा हसत हसत म्हणाली, वडिलांनी शब्द दिलाय — शाळेत पहिली आलीस तर पालघरला सायन्सला घालतो, नाहीतर कंपनीत पॅकिंगला. मग पुस्तक उघडून विचारलं, "भिंगांचा धडा हाय का गो? तेवढाच रायलाय."

आणि मी — मला तेव्हा राग आला होता का? नाही. भांडण झालं होतं? तेही नाही. "तो कमी केलाय," मी म्हटलं. इतक्या सहज, की माझं मलाच नवल वाटलं.

पुढेही ती आली. दर वेळी मी ठरवायचे, आज सांगून टाकायचं. चहा व्हायचा, गणितं व्हायची, ती चपला घालायची — आणि माझी जीभ उचलायची नाही. परिणाम कळत नव्हता, असं म्हणू? चांगला कळत होता. वडिलांचा शब्द तिने मलाच तर सांगितला होता.

पेपरात भिंगांवर मोठा प्रश्न आला. ती माझ्या पुढच्या बाकावर. तिचं पेन थांबलेलं मला दिसलं. मी आकृती काढत होते, पट्टी धरून. रेघ सरळ येत होती.

बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला. मला वाटलं, संपलं. पण तीच मला समजावत होती. "जाऊ दे गो. सरांनीच चुकीचं सांगितलं, तू तरी काय करशील? तुजा पन सुटलाच ना?"

मी मान हलवली. म्हणजे एक खोटं पुरलं नाही, दुसरंही बोलले. वर सरांच्या माथी मारलं.

निकालात मी पहिली आले, अगदी थोड्या गुणांनी. आईने पेढे वाटले. दर्शनाने पेढा खाल्ला, काही विचारलं नाही. तिच्या वडिलांनी शब्द पाळला. ती तारापूरच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली, मी पालघरला बी.एस्सी. करते. तेव्हा वय लहान होतं, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही.

परवा ती घरी आली, धाकट्या बहिणीला घेऊन. बहिणीची यंदा दहावी. तिला माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाली, "ही सांगल तेवढंच वाच. बाकी कुनाचं ऐकू नको."

मी पुस्तक उघडलं. बहिणीला म्हटलं, सगळे धडे करायचे, एकही सोडायचा नाही. दर्शना समाधानाने हसली. मी भिंगांचा धडा काढून बहिणीपुढे ठेवला.