सरूकाकीचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही — का, ते कळेलच.

साठ सालानंतरची ती वर्षं. मी पुण्यात एलएल.एम. करत होतो. विषय भारदस्त — देशोदेशींच्या व्यापाऱ्यांच्या तंट्यांतला लवाद. लवाद म्हणजे दोघांनी मिळून नेमलेला पंच. त्याचा पहिला धडा एवढाच, की एका पक्षाशी आपलं काही नातं असेल, तर पंचानं ते आधी सांगायचं. ऐकूनही दोघांना चालत असेल, तर खुशाल बसायचं. किती सोपं, नाही? त्यावरचं माझं टिपण सरांनी वर्गात वाचून दाखवलं होतं.

सुट्टीत आमच्या गावी, पासलीला आलो, तर गावात झऱ्याच्या पाण्यावरून जुंपलेली. एकीकडे आबा, गावातलं वजनदार माणूस. दुसरीकडे सरूकाकी — विधवा, भाताच्या दोन खाचरांवर जगणारी. पावसानं उघडीप दिली की पाणी एक दिवस आबांना, एक दिवस काकीला, ही जुनी रीत. आबांना ती नको होती. कोर्टाची पायरी टाळायची म्हणून दोघांनी मलाच पंच केलं. ‘शिकल्यालं पोर हाय, त्येच्या मनात काय न्हाई,’ असं काकीच म्हणाली. देवळात दोघांनी बेलभंडार उचलला — पंच म्हणेल ते मान्य.

आणि मी? आबांच्या मुलीशी माझं लग्न ठरत आलं होतं. बोलणी दोन घरांतच, गुपचूप. मी होकारही दिला होता. हे सांगायला असा किती वेळ लागला असता? पण पंचपणाची ऐट सोडवेना — आणि सासऱ्याची मर्जीही हवी होती. ज्याची खाचरं वर, त्याचं पाणी आधी — म्हणजे आबांचं — असा निवाडा मी दिला. वर कायद्याचे चार जड शब्द पेरले. कुंपणानंच शेत खाल्लं.

काकीनं शपथ पाळली. भादव्यात पाऊस उघडला आणि तिचं भात पोचट राहिलं.

पुढं माझ्या लग्नात अक्षता टाकून ती जवळ आली. आता ही चारचौघांत शिव्या घालणार, असं मला वाटलं. ती हळूच म्हणाली, “आदी सांगायचं व्हतंस की रं. तरीबी म्या तुलाच पंच केलं आसतं.”

मला लाज वाटली, अजून वाटते — पण निवाडा काही मी फिरवला नाही. काकीनं खाचरं पडीक टाकली आणि ती विंझरकडे मजुरीला गेली.

आबांकडचा तांदूळ मात्र दर वर्षी आमच्या घरी येत राहिला. त्याच पाण्यावरचा. मी तो पोटभर खाल्ला.