दोन पिशव्यांतलं पाणी

काटेवाल्याने आयुष्यात विश्वास ठेवला तो फक्त मोजमापावर. दुकानांमधले वजनकाटे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. चाळीस वर्षं तो करून माणसाचा स्वभावही तसाच झाला होता. 'जरासं', 'बऱ्यापैकी', 'साधारण' असले शब्द कोणी वापरले की तो चष्म्यावरून बघायचा आणि विचारायचा, "म्हणजे किती?" बायको होती तेव्हा ती शेजारणीला सांगायची, "ह्यांना म्हटलं, मीठ चवीपुरतं घाला, तर चव किती ग्रॅमची ते विचारतील." ती जाऊन सहा वर्षं झाली. आता घरात मीठ घालणाराही तोच आणि विचारणाराही तोच. एक मुलगी, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर.

बाप-लेकीचं बोलण्यावर कधी चाललंच नाही. चाललं ते माशांवर. रविवारी उजाडता उजाडता काटेवाला बंदराच्या धक्क्यावर जाऊन गळ टाकून बसायचा, मिळेल ते ओल्या गोणपाटात गुंडाळायचा आणि दहाच्या सुमाराला मुलीच्या दारात उभा राहायचा. "घे," एवढंच म्हणायचा. ती गोणपाट उघडून "अगं बाई, केवढे!" म्हणायची. मासे हाताएवढे असोत की बोटाएवढे, तिचं वाक्य ठरलेलं. मग एक कप चहा, नातीच्या गालाला एक चिमटा, आणि परतीची बस. हातात मासे नसताना तो तिच्या दारात कधी गेला नव्हता. रिकाम्या हाताने जाऊन बोलायचं काय, हे त्याला बायको गेल्यापासून सुचलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्याला साधा ताप आला. आठ दिवसांत उतरला, पण उतरताना वास घेऊन गेला. साबण, रॉकेल, करपलेली पोळी, स्वतःच्या उशीचा अभ्रा, सगळं सारखंच. म्हणजे काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. वेळ लागतो."

"म्हणजे किती?"

"ते सांगता येत नाही, आजोबा. कुणाला महिना लागतो, कुणाला कधीच येत नाही."

जन्मभर नाकासमोर चाललेला माणूस. नाकानेच दगा दिल्यावर तक्रार कुणाकडे करणार? त्याने कुणालाच सांगितलं नाही. मुलीला तर नाहीच. एकटा राहणारा म्हातारा, घरात गॅसची शेगडी आणि वासाच्या नावाने शून्य, हे तिला कळलं असतं तर तिने दुसऱ्याच दिवशी त्याचं बिऱ्हाड मोडलं असतं. तिच्या दोन खोल्यांत आपली खाट कुठे मावेल याचं मोजमाप त्याने मनातल्या मनात केलेलं होतं. मावत नव्हती.

मग गेल्या उन्हाळ्यात ते झालं. बस वाटेत बंद पडली, तासभर उन्हात उभी राहिली, मांडीवर गोणपाट. मुलगी नेमकी बाहेर गेली होती. त्याने स्वतःच मासे साफ केले, स्वतःच तळले आणि नातीला आपल्या हाताने भरवले. पोरगी चार घासांनंतर "नको" म्हणाली. त्याने पाचवा भरवला. तिला तीन दिवस सलाईनवर ठेवावं लागलं. मुलीने बापाला एका शब्दाने दोष दिला नाही. त्याऐवजी तिने फोनवर सांगितलं, "बाबा, आता मासे नका आणत जाऊ. उगीच तुम्हाला दगदग." आवाज अगदी मऊ. त्या मऊ आवाजाने काटेवाल्याच्या तोंडावर दार लागलं.

दहा महिने तो गेला नाही. धक्क्यावर जायचा, मिळालेलं पाण्यात परत सोडायचा. पुढे एक दिवस त्याने ठरवलं, नाक नाही तर नाही, बर्फ तर आहे. मासा पाण्यातून निघाल्यापासून मुलीच्या हातात पडेपर्यंत थंड राहिला, तर तो बिघडेलच कसा? वासाचं काम थर्मामीटरला देऊन टाकायचं. पिशवी तेवढी अशी हवी, की तिच्यावर डोळे मिटून विसंबता येईल.

गळ-दोऱ्यांचं दुकान बंदरामागच्या गल्लीत होतं. चालवणारी बाई जाडजूड, तोंडाने फटकळ, आणि तिचा काटा तोच दुरुस्त करत असल्याने ओळखीची.

"काय काटेवाले, आज माझा काटा चुकलाय की तुमचा रस्ता?"

"बाई, मासे थंड ठेवायची पिशवी दाखवा."

"एवढे मासे कधीपासून मिळायला लागले तुम्हाला?" असं म्हणत तिने दोन पिशव्या काढल्या. एक मोठी, भिंती जाड, आत चमचमतं रुपेरी अस्तर, चौफेर उघडणारी चेन. दुसरी लहान, करड्या रंगाची, तोंड अरुंद, दिसायला अगदी दरिद्री.

"मी असते तर ही लहान घेतली असती," बाई म्हणाली.

"का?"

"हिचं आतलं अस्तर अखंड आहे. शिवण नाही. धुवायला बरी."

"धुण्याचं सोडा. थंड कोण जास्त ठेवते?"

"दोन्ही ठेवतात बऱ्यापैकी."

काटेवाल्याने चष्म्यावरून पाहिलं. बाईने हात जोडले. "चुकले! आता विचारू नका किती ते. न्या दोन्ही घरी आणि करा काय तुमची परीक्षा ती. पण मासा घालायचा नाही हं, नुसता बर्फ. आणि जरा हुंगून बघा आधी. नव्या मालाला कधीकधी रबराची घाण येते, मग लोक परत घेऊन येतात."

काटेवाल्याने मोठ्या पिशवीत डोकं घातलं. एक श्वास घेतला, दुसरा घेतला. आत अंधार होता आणि गारसर होतं. ज्याला वास येतो तो माणूस किती वेळ हुंगतो, हे त्याला नीट आठवेना. त्याने डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कारखान्यात, म्हणजे त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत, परीक्षा मांडली. प्रत्येक पिशवीत बरोबर दोन किलो बर्फ, स्वतःच्या काट्यावर तोललेला. दोन्ही पिशव्या खिडकीखालच्या बाकावर, सारख्या उन्हात, आठ ते दोन. उरलेला बर्फ तोलायचा नाही हे त्याने आधीच ठरवलं होतं. ओला बर्फ काट्यावर पाझरत राहतो, काटा ठरत नाही. त्यापेक्षा वितळलेलं पाणी मोजायचं. ते वजा केलं की उरला तो बर्फ. हे त्याला इतकं उघड वाटलं, की दोन वाजता त्याने बर्फाकडे धड पाहिलंसुद्धा नाही. लहान पिशवीतून मापात सातशे मिलिलिटर पाणी आलं. मोठीतून तीनशे ऐंशी.

त्याने दोनदा मोजलं. मग खुर्चीवर बसून तो स्वतःशीच हसला. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला भूक लागल्यासारखं झालं.

लहान पिशवी परत करताना तो बाईला म्हणाला, "तुमचा अंदाज साफ चुकला. जवळजवळ दुप्पट फरक आहे."

"असेल बाबा. तुम्ही मोजलंय म्हटल्यावर मी कोण बोलणार?"

तरी तो लगेच मुलीकडे गेला नाही. आधी पाच रविवार त्याने तालीम केली. धक्क्यावरून घरी, घरून परत धक्क्यावर, उगाचच बसने हिंडून, दर अर्ध्या तासाला थर्मामीटर बघत. दोन अंश, अडीच अंश, दोन अंश. ते मासे त्याने घरी स्वतः खाल्ले आणि पोटाचं काय होतं ते पाहिलं. काही झालं नाही. पिशवी दर वेळी साबणाने धुतली, फडक्याने अस्तर कोरडंठाक पुसलं, चेन लावून खाटेखाली ठेवली. पिशवीचं वजन वाढलंय असं तिसऱ्या रविवारी त्याच्या खांद्याला वाटलं होतं. खांदा म्हातारा झाला, असं त्याने ठरवलं. धक्क्यावर शेजारी बसणारे दोघे हल्ली दहा हात लांब सरकून बसत. त्याला वाटलं, आपल्याला मासे मिळतात म्हणून जळतात. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहायची. म्हाताऱ्या माणसाला ऐसपैस बसू देतात, जग अजून इतकं वाईट नाही, असंही त्याला वाटून गेलं.

सहाव्या रविवारी चांगले पाच मासे लागले. बर्फात घातले, चेन ओढली, आणि दहाला दहा मिनिटं कमी असताना त्याने मुलीची बेल दाबली.

दार मुलीनेच उघडलं. बापाला बघून तिचा चेहरा उजळला, हे त्याने नक्की पाहिलं. पुढच्याच क्षणी ती एक पाऊल मागे सरली आणि तिचा हात नाकाकडे जाता जाता गळ्याशी थांबला.

"बाबा! या ना. किती दिवसांनी."

"घे," तो म्हणाला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दापुढे बोलला. सगळं पाठ करून आला होता. "हे बघ थर्मामीटर. दोन अंश. सकाळपासून दोनच्या वर गेलेलं नाही. पिशवी मी दोन पिशव्यांची परीक्षा करून घेतली आहे. आता काही होणार नाही. हात लावून बघ, कसे गार आहेत."

"हो हो. तिथेच ठेवा. बाहेरच."

आतून जावई आला. "कसला वास सुटलाय? उंदीर मेलाय की..." आणि सासऱ्याला बघून गप्प झाला. भला माणूस होता. त्याने श्वास रोखून पिशवी उघडली, मासा उचलला, कल्ले उघडून पाहिले. "मासे ताजे आहेत गं. लालभडक कल्ले आहेत. घाण पिशवीला येतेय." त्याने पिशवीची जाड भिंत अंगठ्याने दाबली. रुपेरी अस्तराच्या शिवणीतून तपकिरी पाण्याची धार निघाली आणि पायपुसण्यावर सांडली. "बाबा, फोममध्ये पाणी मुरलंय हे. सडलंय आत. किती दिवसांचं आहे कोण जाणे."

काटेवाला त्या धारेकडे बघत राहिला. तीनशे ऐंशी. बाकीचं पाणी तेव्हा कुठे गेलं होतं, ते आता त्याला दिसत होतं.

"बाबा," मुलगी हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला हा वास येत नाही?"

"येतो ना. मासळीचा वास यायचाच. धक्क्यावरून येतोय मी."

ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "बरं, आत स्वयंपाकघरात काय चाललंय सांगा बघू."

त्याने घाईने विचार केला. रविवार, दहा वाजलेले. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. फोडणीचा आवाज नाही. नातीला आवडतात ते उकडलेले बटाटे, गेल्या वर्षी याच वेळेला असायचे. तिच्या ओठांच्या कोपऱ्याकडे त्याने पाहिलं, काही सुचवतात का. ते काहीच सुचवत नव्हते.

"बटाटे," तो म्हणाला. "बटाटे उकडताहेत."

जावयाने मान खाली घातली. मुलीचे डोळे भरून आले. "दूध करपलंय, बाबा. तुम्ही यायच्या आधीच. सबंध घर भरलंय. खालच्या मजल्यावरून विचारायला आले होते."

"हो, दूध. तेच म्हणणार होतो."

"कधीपासून?"

"आहे थोडे दिवस."

"थोडे म्हणजे किती?" ती ओरडली. प्रश्न त्याचाच होता. तिनेच हिशेब केला. बोटांवर मोजत मागे गेली, उन्हाळ्यापर्यंत गेली, आणि तिथे थांबली. "म्हणजे तेव्हाही. तेव्हा तुम्हाला माहीत होतं, की आपल्याला कळत नाही. आणि तरी तिला भरवलंत."

आता आवाज मऊ नव्हता. काटेवाल्याला वाटलं होतं, हा आवाज ऐकला की निदान मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही.

जावई पिशवी घेऊन जिना उतरला. ताजे पाचही मासे तिच्यातच होते. खाली कचऱ्याच्या पिंपाचं झाकण वाजलं. मुलीने डोळे पुसले आणि ती व्यवहाराचं बोलू लागली: उद्या गॅस काढून टाकायचा, डबा इथून जाईल, घराची एक किल्ली तिच्याकडे राहील, पुढचं पुढे बघू. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. डबा म्हणजे ती पाठवणार. दारात उभं राहून "घे" म्हणायचं काम आता डबा नेणाऱ्या माणसाचं.

नात आतून धावत आली. "आजोबा!"

"थांब," मुलीने तिला दंडाला धरून मागे ओढलं. "आधी आजोबांना हात धुऊ दे."

तो मोरीत गेला. साबण घेतला, कोपरापर्यंत चोळला, पाणी ओतलं. पुन्हा साबण घेतला. नखांच्या खाली, बोटांच्या बेचक्यांत. तिसऱ्यांदाही धुतलं. मग टॉवेल न घेता, ओले हात पुढे धरून, दाराकडे वळून त्याने विचारलं, "गेला का?"

मुलगी दोन हात अंतरावर, चौकटीला टेकून उभी होती. तिथूनच म्हणाली, "गेला."

ती पुढे आली नाही. तो हात तसेच धरून उभा राहिला.