अक्काकडून

हुमनाबादला हायवेच्या कडेला माझं बोर्ड-बॅनरचं दुकान आहे. ढाबा असो, गॅरेज असो, खताचं दुकान असो, गिऱ्हाईक एकच सांगतं, "स्टीलवानी दिसू द्या." तेव्हा फ्लेक्सवर स्टील उमटवणं हाच माझा धंदा. बाकीचे इंटरनेटवरून पत्र्याचा तयार फोटो उचलतात. मला त्याचा राग येतो. त्या पत्र्याला कधी कुणाचा हात लागलेला नसतो. माझा पत्रा माझ्या घरातल्या ताटाचा आहे.

ते ताट माझ्या लग्नात अक्कानं दिलं होतं. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, आळंदला दिलेली. दाजींचं तिथं भांड्यांचं दुकान, आणि भांड्यांवर नावं घालायचं काम तिच्याकडं. मशीन आलं तरी ती छिन्नी-हातोडीनं ठिपका ठिपका ठोकत बसायची, मराठीतही आणि कन्नडमधूनही. साऱ्या तालुक्याच्या आहेरावर पूर्ण नाव, गाव, तारीख घालणारी ही बाई, पण माझ्या ताटावर तिनं एवढंच घातलं : 'अक्काकडून'. मांडवात पाहुणे हसले. कुणाची अक्का, कुठली अक्का? आमच्याकडं घरोघरी एक अक्का असतेच. ती म्हणाली, "ज्याला कळायचं त्याला कळतंय."

पुढं धंद्यासाठी मी ते ताट गच्चीवर तिरक्या उन्हात ठेवून फोनवर त्याचा फोटो काढला. रोज घासून घासून त्यावर बारीक चरे पडले होते, मला तेच हवे होते. कॉम्प्युटरवर त्याचा रंग काढला, चरे ठळक केले, एका दिशेनं ओढून घेतले, कडांना उजेड आणि सावली दिली, चार कोपऱ्यांत चार स्क्रू बसवले. हुबेहूब स्टीलची पाटी झाली. अडचण एकच, मधोमध 'अक्काकडून'. ढाब्याच्या नावाखाली ते कसं चालेल? मग क्लोन टूल घेतलं. शेजारचा कोरा पत्रा उचलायचा आणि ठिपक्यावर ठेवायचा, असं एकेक ठिपका बुजवत गेलो. त्या दिवशी अक्का बस बदलायला उतरली होती आणि माझ्या मागं बसून चहा पीत होती.

"मलाच पुसायलास की रं," ती म्हणाली.

"फोटोतलं पुसायलोय, अक्का. ताटावर हायस की तू."

"मग नीट पूस. अर्धवट काम करू नको."

मी नीट पुसलं आणि त्याच फाईलवर सेव्ह केलं.

दोनेक वर्षांनी ताटाची कड चिरली. बायको जुनी भांडी मोडीत घालत होती. तिनं विचारलं, "ह्याच्यावर अक्कांचं अक्षर हाय, देऊ का?" मी स्क्रीनवरून मानसुद्धा उचलली नाही. म्हणालो, "दे की, फोटो हाय माझ्याकडं." फोटो पुसताना ताटाचा हवाला दिला आणि ताट देताना फोटोचा. इतका हुशार माणूस मी.

यंदा अक्का गेली. साध्या तापाचं निमित्त झालं, कलबुर्गीच्या दवाखान्यात आठ दिवस राहिली, आणि संपलं. मला अजून तिचं जाणं पटत नाही.

महिन्याभरानं दाजी दुकानात आले. हातात तिचा फोटो होता. "पाव्हणं, दुकानात लावायला एक बोर्ड करा. मागं तिच्या ताटाचा पत्रा घाला, आन् फोटोखाली तिच्या हातचं अक्षर. घरातल्या एकाबी भांड्यावर तिनं काही घातलं न्हाई, सगळं गिऱ्हाइकाच्या घरी गेलं. तुमच्याकडं हाय म्हणायची."

मी फाईल उघडली. मोठी करत करत गेलो, चऱ्याचऱ्यातून शोधलं. एखादा तरी ठिपका चुकून राहिला असेल. एकही नव्हता. जुना फोन केव्हाच विकला होता. जन्मात एवढं एकच काम मी असं चोख केलं होतं. दाजींना खरं ते सांगितलं. त्यांनी पाणी मागितलं.

मग मीच ब्रश घेतला आणि ठिपका ठिपका ठेवू लागलो. तिची ओळ उजवीकडं चढत जायची, तशी चढवली. माझे ठिपके गोल, गुळगुळीत, एकासारखा एक आले. तिच्या ठिपक्यांना हातोडीचा मार असायचा, तो आणायचा कुठून? डोळे भरून येत होते, हात आठवणीनं चालत होता. शेवटचा ठिपका ठेवून मी खुर्ची मागं घेतली.

दाजींनी चष्मा लावून वाचलं. "पाव्हणं, नुसतं 'अक्का' लिहायचं होतं. पुढं 'कडून' कामून लिहिलात?"

मी बघितलं. खरंच लिहिलं होतं. गेलेल्या माणसाच्या फोटोखाली 'अक्काकडून'.

"तेवढं पुसा की," दाजी हळूच म्हणाले.

माझा हात माऊसवर होता. क्लोन टूल तिथंच, बोटाखाली.

"न्हाई दाजी," मी म्हणालो. "एकदा पुसलंय मी तिला."