घंटागाडीत गेलेला दात

"आ करा." आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई नमस्काराऐवजी एवढंच म्हणायच्या. दवाखान्यात ठीक आहे हो, पण लग्नाच्या मांडवात नवरदेवालाही? रत्नागिरीत त्यांच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. "मशेरीने दात साफ होतात? मग घरची भांडीही त्यानेच घासा," असं त्या म्हणाल्या की बाहेर बसलेल्या माणसांची तोंडं आपोआप मिटायची.

मी बारा वर्षं त्यांच्या हाताखाली होते. माझं कौतुक त्यांनी दोनदा केलं. दोन्ही वेळा मी रजेवर होते.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. राग यायचा, पण दाढ दुखली की पाय तिकडेच वळायचे.

एकदा सासू, सून आणि नऊ वर्षांची नात आली. मूळची देवरूखकडची माणसं, आता इथेच स्लॅबच्या घरात राहणारी. मुलीचे पुढचे दुधाचे दात पडून दोन वर्षं झाली होती आणि नव्यांचा पत्ता नव्हता. शाळेत चिडवतात म्हणून ती तोंडावर हात धरून बोलायची. निदान सासूने घरीच करून आणलं होतं. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर टाकायचा असतो, तरच नवा येतो.

"हिनं प्वारीचा दात घंटागाडीत टाकलान! आता हिला म्हायेरी धाडताव. प्वार आमच्याकडंच ऱ्हाईल."

सुनेची भरलेली पिशवी पायाशीच होती. इथून थेट एसटी स्टँड.

"वा! म्हणजे कचरा डेपोत दात उगवले असतील. बघून या," बाई म्हणाल्या आणि मुलीचा मोठा एक्सरे काढला. हिरडीच्या आत पुढच्या दातांचे अंकुरच नव्हते.

मग मुलीच्या वडिलांना मुंबईला व्हिडिओ कॉल. "आ करा." बाई फोनवर बॅटरी मारायला निघाल्या, मी हात धरला. त्या गृहस्थाच्या तोंडातही निम्म्या जागा रिकाम्या आणि चाळिशीला आले तरी दोन दात दुधाचेच.

"आता तुम्ही, आजी."

सासूने कवळी काढली. "माजं न्हानपनापासून न्हाईत. आवशीनं माजा दात चुलीत टाकलान, म्हनून."

"तुमच्या आईने दात चुलीत टाकला काय नि समुद्रात काय," बाई म्हणाल्या. "हे रक्तातून येतं. तुमच्याकडून मुलाकडे, मुलाकडून हिच्याकडे. टाकणारीचा काही संबंध नाही."

सासू कवळी हातात धरून बसली. "म्हंजे माज्या आवशीचा गुन्हा न्हवता? बा तिला जनमभर बोलला. मोठी झाल्यावर मी पन बोलली."

मी टोमण्याची वाट बघत होते. बाईंनी तोंडावरचा मास्क काढला, म्हातारीशेजारी बाकावर बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. बाहेर पेशंट खोळंबले होते. सुनेने पिशवीतून पाण्याची बाटली काढून सासूला दिली. त्या दिवशी स्टँडवर कुणी गेलं नाही. पुढे बाईंनी मुलीला इवलीशी कवळी करून दिली आणि "आता हसून दाखव, फुकट नाही केली," असं दरडावलं.

बाई गेल्या वर्षी गेल्या. त्या दिवशी म्हातारी सुनेच्या हाताला धरून बाईंच्या अंगणात आली. पायांना हात लावला आणि हमसून रडली.

"माज्या आवशीला सोडवलान या बाईनं," म्हणाली.