थोडी खरखर आहे

सैनिक मातृभूमीसाठी प्राण देतो. पंधरा ऑगस्टला बेंबळीच्या शाळेत हे वाक्य मी दरवर्षी म्हणतो आणि मुलं टाळ्या वाजवतात. वाक्यात चूक काढता येत नाही. एवढंच की, शिपाई नामदेव गेला त्या सकाळी मी त्याच्यापासून चारशे मीटरवर होतो, शेवटपर्यंत टेलिफोनवर त्याच्याशी बोलत होतो, आणि मातृभूमीचा विषय निघाला नव्हता.

मी तेव्हा नायब सुभेदार होतो. उत्तरेच्या डोंगरात अठरा माणसांची एक पोस्ट माझ्याकडे होती. आमच्या आणि खालच्या पोस्टच्या मध्ये बर्फाची एक घळ होती. टेलिफोनची केबल त्या घळीतून जायची. घळीवर वरच्या कड्याचा बर्फ लोंबत असे. ऊन लागलं की तो सुटायचा. म्हणून नियम होता : घळ ओलांडायची ती सकाळी आठच्या आत. आठनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. घळीच्या तोंडाशी आमच्या एका वरिष्ठांनी पाटी लावून घेतली होती, ‘सावधानी ही सैनिकाची माता आहे.’ वरिष्ठांना सुभाषितं आवडतात. आठनंतर तिथं कुणाचीच माता नसे.

नामदेव लाईनमन होता. केबल तुटली की तुटलेली जागा शोधायची, दोन्ही टोकांची साल काढायची, तारांना पीळ द्यायचा, वर टेप गुंडाळायची. हे हातमोजे काढून करावं लागतं. त्या थंडीत उघडी बोटं पाच मिनिटांत लाकडाची होतात. त्याची होत नसावीत. त्याच्याइतका सफाईदार जोड मी पंचवीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा बोललो नाही.

त्याला कारण होतं. तो येरमाळ्याजवळचा, मी बेंबळीचा. पोस्टवर धाराशिवचे आम्ही दोघंच. पलटणीत गाववाला ही नाजूक बाब असते. आमच्या आधीच्या एका सुभेदारानं आपल्या गाववाल्यांना हलकी ड्युटी दिली, तर त्याच्यामागं वर्षभर कुजबुज चालली. तेव्हा मी ठरवलं, आपल्या माणसाची चूक आधी काढायची. बाकीच्यांना मी सहज शाब्बास म्हणायचो. कुकला तर खिचडी करपली नाही एवढ्यावर म्हणायचो. नामदेवला कधीच नाही. हा न्याय आहे असं मला वाटे. मी पुस्तकं वाचणारा माणूस. आपल्या कोरडेपणाला तत्त्वाचं नाव देणं वाचणाऱ्याला सोपं जातं.

नामदेव पहिल्या आठवड्यात मला ‘नाना’ म्हणाला होता.

“इथं नाना कुणी न्हाय,” मी म्हटलं. “साहेब म्हण.”

“व्हय साहेब.”

मग तो प्रत्येक जोडाचा नमुना मला आणून दाखवू लागला. “बघा की साहेब. कसा झालाय?” मी उलटसुलट करून बघायचो. “टेप जास्त गेली.” दुसऱ्या दिवशी कमी टेपचा जोड. “तारेचं शेपूट बाहेर राहिलंय.” तिसऱ्या दिवशी शेपूट नसलेला. त्याचा जोडीदार लान्स नायक मारुती, साताऱ्याकडचा, एकदा माझ्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं त्याला म्हणाला, “साहेबांच्या तोंडनं शाब्बास काढायचं तर आधी फिटर बोलव. जबडाच गंजलाय.”

सगळे हसले. नामदेव हसला नाही. तो म्हणाला, “निघंल की. आमच्या आबाचा बी असाच हाय.”

आबा म्हणजे त्याचे वडील, किसन आबा. शेरडं-मेंढरं आणि थोडी जमीन. नामदेव दहावी पास झाला, पहिल्या वर्गात आला, तेव्हा कागद घेऊन तो शेतात पळत गेला. आबांनी कागद बघितला, घडी घातली, परत दिला आणि म्हणाले, “शेरडं सोड.” रॉकेलच्या बुखारीजवळ शेकत बसून त्यानं हे मला सांगितलं. सांगताना तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी त्याला बुखारीतलं रॉकेल संपत आल्याचं दाखवलं.

फेब्रुवारीत सलग तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या दिवशी पहाटे आकाश स्वच्छ होतं आणि वारा अजिबात नव्हता. डोंगरात वारा थांबला की बरं वाटत नाही. रोज कचऱ्यावर येणारे कावळेही आले नव्हते. लाईन मेली होती. वायरलेसवर खालची पोस्ट म्हणाली, “लाईन ठीक करो, ओव्हर.” मी म्हटलं, “रॉजर.”

०६४० ला नामदेव आणि मारुती निघाले. मारुती घळीच्या अलीकडं खडकाशी दोर धरून थांबला. नामदेव आत उतरला.

०७३५ ला माझ्या टेलिफोनची घंटी वाजली. तो लाईनवर हातातला टेलिफोन जोडून बोलत होता.

“साहेब, लाईन चालू. येतंय का ऐकू?”

“येतंय.”

“नीट येतंय ना?”

आवाज खणखणीत होता. डोंगरातल्या कुठल्याही लाईनवर असते तेवढी बारीक खरखर त्याच्यामागं होती. वर्षभराच्या सवयीनं माझं तोंड आपोआप चाललं.

“थोडी खरखर आहे.”



“परत करतो साहेब.”

“राहू दे. माघारी ये.”

“धाच मिन्टं. तोडून नवा करतो.”

मी घड्याळ बघितलं. ०७३८. समोरच्या शिखरावर ऊन आलं होतं आणि पिवळी रेघ कड्याकडं खाली सरकत होती. मी म्हणू शकत होतो, ‘हुकूम आहे, ये.’ मी म्हणू शकत होतो, ‘चांगला झालाय, ये.’ दुसऱ्या वाक्यानं तो जास्त लवकर आला असता, हे मला आज कळतं. मी म्हणालो, “आठच्या आत घळीबाहेर पाहिजेस.”

०७५४ ला पुन्हा घंटी.

“आता साहेब?”

खरखर तेवढीच होती.

“हां. निघ.”

“आता नाय ना खरखर?”

“निघ म्हटलं ना.”

“बरं,” तो म्हणाला. आवाज पडलेला होता. “जरा टेप मारून घेतो वरनं.”

त्यानंतर मी तोंड उघडलं होतं. काय म्हणणार होतो ते आठवत नाही, आणि आठवतं असं सांगणं सोयीचं होईल. कड्यावरून एक आवाज आला, जड दार लावल्यासारखा. टेलिफोन बंद झाला. मी घड्याळ बघितलं, कारण ती सवय असते. ०७५७.

मारुती वाचला. दोर त्याच्या हातातून सुटला आणि तळहाताची कातडी घेऊन गेला. तो दोन वाक्यं पुन्हा पुन्हा सांगत होता. पहिला जोड झाला होता, साहेब. चांगला झाला होता, साहेब.

नामदेव आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. हातमोजे नव्हते.

चौकशी झाली. नियमाप्रमाणे घळ आठपर्यंत सुरक्षित होती आणि घटना त्याच्या तीन मिनिटं आधीची होती. कुणाचाही दोष आढळला नाही. मला एका अधिकाऱ्यानं विचारलं, दुसऱ्यांदा जोड करायची गरज काय पडली? मी सांगितलं, लाईनवर खरखर होती. त्यांनी लिहून घेतलं.

एप्रिलमध्ये रजेवर आलो तेव्हा आबांकडं गेलो. दुपार होती. ते बाजेवर बसले होते. मी येतो आहे हे बघून त्यांनी टोपी घातली. मला शेजारी जागा करून दिली. मग त्यांनी विचारलं,

“सायेब, कामाला कसा व्हता ओ?”

“लई चांगला, आबा. तसा लाईनमन सगळ्या पलटणीत न्हवता.”

ते मान हलवत राहिले.

“आन् त्येला सांगितलं व्हतं का तुमी?”

दारात एक शेळी कागद चघळत होती. मी तिच्याकडं बघितलं.

“व्हय,” मी म्हणालो.

“लई बरं केलं,” आबा म्हणाले. “मला कदी जमलं न्हाय बगा. वाटायचं, आपन म्हनलं तर पोरगं फुगंल. तिथं मोठी मानसं हायती, ती सांगत असतील.”

त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. मी चहा घेऊन उठलो. खरं सांगायला मी त्यानंतर दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी शेजाऱ्याला बोलावून माझी ओळख करून दिली : “हेच ते सायेब. ह्येंनी म्हनलेलं पोराला.” दोन्ही वेळा मी नमस्कार केला.

गेल्या वर्षी त्यांच्या गावच्या फाट्यावर नामदेवच्या नावाचा बस-निवारा झाला. फीत कापायला पाहुणे आले, तीन भाषणं झाली, त्यातलं एक माझं. मी मातृभूमीचं वाक्य म्हटलं. आबा रोज दुपारी तिथं जाऊन एकटेच बसतात.

बस तिथं थांबत नाही. ती पूर्वीपासून पन्नास पावलं पुढं चिंचेखाली थांबते.